हळदीत नाचलेला काळा बूट

मित्रांनो, मी एक बूट आहे. जुना आहे, काळा आहे आणि उजव्या पायाचा आहे. यातल्या एकाही गोष्टीची मला लाज वाटत नाही. बुटाने पायात राहावं, तोंड उघडू नये, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! बुटालाही जीभ असते, नाडीखाली बघा हवं तर. ती आज मी वापरणार आहे.

माझा जन्म आग्र्याच्या एका कारखान्यात झाला. जाड कातडं, त्याहून जाड तळवा, नडगीपर्यंत उंची आणि नाडी ओवायला भोकंच भोकं. माझा जुळा भाऊ, म्हणजे डावा बूट, स्वभावाने गरीब आहे. बोलायचं सगळं काम तो माझ्यावर टाकतो. पुण्यातल्या एका दुकानाच्या काचेत आम्ही दोघे पुष्कळ दिवस उभे होतो. लोक यायचे, आम्हाला निरखायचे, "हे घालून काय पोलीसभरतीला जायचंय?" म्हणायचे आणि चपला घेऊन जायचे. शेवटी किमया आली. तिने आम्हाला पायात घातलं, आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःशीच हसली. भाव करायचंही विसरली.

किमया मूळची परभणीची. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी करते आणि जवळच्याच नेरे गावात तुळजाबाईंकडे माडीवर भाड्याने राहते. ती गॉथ आहे. गॉथ म्हणजे काय, तर काळे कपडे, डोळ्यांत जाड काजळ, बोटांत चांदीच्या अंगठ्या आणि संथ, गडद, उदास गाणी. लोकांना वाटतं ही पोरं कायम दुःखात असतात. अहो, मी त्यांच्यातल्या एकीच्या पायात राहिलो आहे. असं एखादं गाणं मनासारखं लागलं की किमयाच्या पायाची बोटं माझ्या आत उन्हात लोळणाऱ्या मांजरासारखी पसरायची. चेहऱ्याला खोटं बोलता येतं, पायाच्या अंगठ्याला येत नाही. म्हणून माणसाची खरी आवड मला जेवढी कळते तेवढी त्याच्या आईलाही कळत नसेल.

नेऱ्यात आली तेव्हा ती अगदी एकटी होती. ऑफिसात तिचं काजळ बघून लोक कुजबुजायचे. डबा ती एकटीच खायची. मग तिथल्याच ऋषिकेशच्या बोटातली वटवाघळाची अंगठी तिला दिसली, आणि एका रविवारी तो तिला लवळ्याच्या टेकडीवर घेऊन गेला. तिथल्या कँटीनमध्ये काळ्या कपड्यांतली पाच-सहा मंडळी जमायची. त्यांचा म्होरक्या निरंजन. त्याने स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. परतताना रिक्षात किमया रडली, आनंदाने. त्यातला एक थेंब माझ्यावर पडला, म्हणून मला ठाऊक.

पण निरंजनचा एक कडक नियम होता. "आपलं ते आपलं. बाकी सगळा गोंगाट." जुईली नावाची एक मुलगी चहा पिताना सहज सिनेमातलं एक गाणं गुणगुणली. निरंजन हसत म्हणाला, "तू चुकीच्या टेबलावर बसलीयेस." पुढच्या रविवारी ती आली नाही, आणि तिचं नावही कुणी काढलं नाही. किमयाने ते पाहिलं. तिची बोटं माझ्यात मुठीसारखी आवळली गेली.

भीती वाटायचं कारणही होतं. किमयाला सगळंच आवडायचं! खाली ओसरीवर बायकांचं भजन रंगलं की तिचा अंगठा टाळाबरोबर चालायचा. तुळजाबाईंचा धाकटा मुलगा शंभू ट्रॅक्टरवर गाणी लावून शेतातून यायचा, तेव्हा तर दोन्ही टाचा उठायच्या. मग ती खिडकी लावून घ्यायची. अंगठा काही ऐकायचा नाही. स्वतःच्याच पायापासून लपणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगतो, मला तिचा राग यायचा. गाणं आवडलं त्यात चोरी कसली?

मे महिन्यात शंभूचं लग्न निघालं. तुळजाबाई जिना चढून वर आल्या. "हळदीला ये. नुसती खिडकीतनं बघू नगंस. लई दिस झालं बघतीया मी."

किमया गेली. काळा कुर्ता, काळी ओढणी आणि पायात आम्ही. तिच्याकडे दुसरा रंगच नव्हता. मांडवाच्या दारात तिला पाहून बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तुळजाबाईंच्या नणंदेने कपाळाला हात लावला. "अगं पोरी, हळदीला काळं? सुतक हाय का काय कुणाचं? जा, बदलून ये जा."

मला वाटलं, आता ही मागे फिरणार. तिकडे गाण्याचं लपवायचं, इकडे रंगाचं. पण तिने पाय रोवले. माझा तळवा मातीत रुतला, इतके रोवले.

"आत्याबाई, मला बोलावलंय की माझ्या कपड्यांना? हे काळं मी हौसेने घालते. शंभूदादाचं वाईट व्हावं म्हणून नाही."

"तोंडाची फटकळ हाय," नणंदबाई म्हणाल्या.

तुळजाबाई पुढे झाल्या. त्यांच्या हातात हळदीची वाटी होती. त्यांनी मूठभर हळद घेतली आणि किमयाच्या काळ्या बाहीवर सरळ फासली. "घ्या. आता कुटं काळं ऱ्हायलं?"

"राहिलंय, मावशी," किमया म्हणाली. "बघा की, अजून केवढं आहे."

तुळजाबाई हसल्या. "मग ऱ्हाऊ दे. संक्रांतीला आमीबी घालतोच की."

तेवढ्यात बेंजोवाल्यांनी ताल धरला, आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं खरं काम तेव्हा सुरू झालं. किमया नाचली! खिडकीआड कोंडलेलं सगळं तिच्या पायांत उतरलं होतं. मांडवापुढची धूळ उडाली, माझा अबोल भाऊसुद्धा चेकाळला. शंभूने तिचा हात धरून तिला मधोमध आणलं, आणि थोड्या वेळाने तीच नणंदबाई पदर खोचून तिच्यासमोर नाचत होती. बाहीवरची ओली हळद ओघळली ती थेट माझ्या नाकावर येऊन पडली आणि वाळली.

रविवार उजाडला. किमयाने पॉलिशची डबी आणि ब्रश काढला. मला मांडीवर घेतलं. पिवळा डाग माझ्या काळ्या नाकावर चांगला ठसठशीत दिसत होता. काळं पॉलिश फिरवलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. नाही फिरवलं तर लवळ्यात निरंजन बघणार, विचारणार, आणि तिचीही जुईली होणार. ती बराच वेळ ब्रश हातात धरून बसली. मी मनात म्हणत होतो, पुसू नकोस गं. जन्मभर लोक मला चमक, चमक म्हणत आले. आज राहू दे.

तिने डबीचं झाकण लावलं.

कँटीनमध्ये ती पायावर पाय टाकून बसली आणि मला टेबलाबाहेर काढलं. निरंजनने बघितलं. "काय लागलंय बुटाला?"

"हळद. आमच्या घरमालकांकडे हळद होती. नाचले मी. बेंजोवर."

"ते गोंगाटाचं?" निरंजनने विचारलं.

"ते छान होतं. आणि भजनही छान असतं. आपली गाणी तर मला जीव की प्राण आहेत. सगळं माझंच आहे, निरंजन."

"मग तू आमच्यातली नाहीस."

तिची बोटं माझ्यात पुन्हा मुठीसारखी आवळली गेली. एवढ्या मोठ्या गावात बसायला हे एकच टेबल होतं तिला. पण आवाज हलला नाही. "मी कोण आहे ते तू नको ठरवूस. हे काजळ तू घातलेलं नाहीस. मी उठणार नाही. तुला पटत नसेल तर तू दुसरं टेबल बघ."

आणि तिने फोन काढून त्या हळदीचं चित्रीकरण लावलं. बेंजो खणखणला. शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघू लागली. ऋषिकेश आधी चहात बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्या आजोबांच्या भजनात मी टाळ वाजवतो. दर एकादशीला. सांगितलं नव्हतं मी." आणि त्याने बोटांनी टेबलावर ठेका धरला.

निरंजनचा चेहरा दगडासारखा. पण आम्ही बूट टेबलाखाली राहतो, मित्रांनो. मी बघत होतो. त्याच्या लोखंडी बकलांच्या बुटाची टाच उचलली, आपटली, परत उचलली. ठेका अगदी बरोबर. किमयाने खाली वाकून पाहिलं आणि वर आली.

"निरंजन, पाय का हलतोय?"

त्याने पाय झटकन खुर्चीखाली ओढला. "थंडी वाजतेय," तो म्हणाला.

मे महिना होता. लवळ्याच्या टेकडीवर डांबर वितळत होतं. ऋषिकेशला हसू आवरेना, मग सगळ्यांनाच आवरेना. निरंजन हसला नाही, पण उठूनही गेला नाही, आणि "तू आमच्यातली नाहीस" असंही पुन्हा म्हणाला नाही. किमया आपल्या खुर्चीत बसून राहिली.

मित्रांनो, आता मी झिजलो आहे. पावसाळ्यात मला बुरशी येते, तळव्याचा एक कोपरा उकलला आहे. तुमच्याही घरात असे जुने बूट असतील. त्यांना ऊन दाखवा, तेल लावा, उकललं तर शिवून घ्या. आम्ही तक्रार करत नाही. पण एक विनंती आहे, आणि ती मी हात जोडून नाही, टाच आपटून करतो. कुणाच्या धाकाने पाय आखडून बसू नका. आम्ही फाटलो तर शिवून मिळतो. आखडलेला पाय शिवून देणारा कारागीर अजून जन्माला आलेला नाही.