माद्यांचा खुराक

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात मासळी खात्याचा साहेब भिवा पाटलाच्या तलावावर आला. डोंबिवलीजवळच्या गावातला तो तलाव भिवाकडे कराराने होता आणि त्यात खात्याने कलकत्त्याची रोहू सोडली होती. साहेबाने जाळं ओढायला लावलं. एकेक मासा ओल्या फडक्यात धरून त्याने लांबी मोजली, वजन केलं.

"पाटील, ह्याच्या कल्ल्याजवळच्या पराला हात लावून बघा. खरखरीत लागतो ना? हा नर. मादीचा पर मऊ असतो. दोघं एकाच वयाची, पण ती बघा केवढी भरली आहे. आता पोटात अंडी धरतील. तेव्हा खाणं कमी पडलं, तर अंगातला सगळा कस अंड्यांत जातो आणि मादी नुसती सांगाडा उरते. पावसात ह्यांना इंजेक्शन देऊन इथेच पिल्लं काढायची आहेत. माद्यांना जपा."

भिवाने ते मनावर घेतलं. बांबूचा आडोसा घालून माद्या वेगळ्या केल्या, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा आणला. रोज सकाळी त्याची सून शालू पेंडीची टोपली डोक्यावर घेऊन बांधावर जायची. तिला सातवा महिना लागला होता.

घरात आधी भिवा आणि मुलगा पंढरी जेवायचे. मग भिवाची बायको तुळसा. शालूच्या वाट्याला तळाचा भात आणि कालवणाचं पाणी यायचं. ह्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. तुळसाही ह्याच घरात अशीच जेवली होती, आणि तिची दोन बाळं जन्मताच गेली होती.

एकदा तुळसा धुणं घेऊन तलावावर गेली, तर शालू बांधाआड बसली होती. टोपली मांडीवर होती आणि ती मूठमूठ पेंड तोंडात कोंबत होती. सासूला पाहून तिने हात पदरात लपवला. घास मात्र गिळवेना.

"थुंक ती, गो," तुळसा म्हणाली. "ढोरांचं खाणं हाय ते."

"भूक लागते, आये," शालू म्हणाली.

त्या दुपारी तुळसा नवऱ्यासमोर उभी राहिली. "पोरीला दूध लावा. अंगावर मास नाय राहिलं तिच्या."

"तुला कवा कोणी दूध पाजलं?" भिवाने ताटावरून मान वर केली नाही. "बाळंत झालीसच ना?"

"झाली. दोन पोरं पुरलीत मी."

"पंढरी जगला ना?"

पंढरी शेजारीच जेवत होता. त्याने भात कालवला आणि खात राहिला.

दुसऱ्या दिवशी पुरुष बाहेर पडल्यावर तुळसाने आडोशात पाग, हाताने फेकायचं जाळं, टाकला. हाती लागली ती मोठी मादी तिने मागच्या अंगणात कापली, पोटातली गाभोळी तव्यावर परतली, कालवण केलं आणि शालूला समोर बसवून वाढलं. शालू रडत रडत जेवली. पहिल्यांदाच त्या घरात ती आधी जेवत होती.

भिवा पंढरीला घेऊन अवेळी परतला आणि वासानेच त्याला कळलं. त्याने शालूचं ताट लाथेने उडवलं.

"सरकारी मादी! साहेबाला काय तोंड दाखवू?"

"मी कापली. मना मारा," तुळसा आडवी आली.

त्याने तिला मारलंही. मग पंढरीला म्हणाला, "हिला माजिवड्याला टाकून ये. बाळंतपण बापाच्या घरी होऊ दे."

पंढरी बायकोला तशीच घेऊन निघाला.

आषाढात साहेब आला. माद्या बघून खूष झाला, एक कमी आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही, भिवाच्या पाठीवर थाप मारली. इंजेक्शनं दिली, अंडी पडली, पाण्यात ताणलेल्या फडक्यात चळवळणारी पिल्लं बघायला सगळं गाव लोटलं. भिवा फेटा बांधून बांधावर मिरवत होता. तिथेच शालूचा भाऊ महिपत त्याला गाठायला आला.

"पोर गेलं," तो म्हणाला. "शालूला दूधच नाय उतरलं. उसनं पाजून पाहिलं."

"पोरगा होता?"

"पोरगी."

भिवाने सुस्कारा सोडला. तो दुःखाचा नव्हता, हे महिपतलाही कळलं. पाणी न पिताच तो माघारी फिरला.

तुळसा कोणाला न विचारता माजिवड्याला गेली. शालू ओटीवर बसली होती. गालफडं वर आलेली, दंडावरची वाकी कोपरापर्यंत घसरलेली. विहिणीने रीत मोडली नाही, आलेल्या पाहुणीचं पान आधी मांडलं.

"पंढरी न्यायला येईल," तुळसा म्हणाली.

"नका पाठवू त्याला," शालू म्हणाली. "मी बापासंगं मिठागरात जाईन." मग भाताकडे बोट दाखवून म्हणाली, "जेवा, आये. तुमी केलंत तेवढं कोणी केलं नाय."

तिने शिव्या दिल्या असत्या, तर तुळसाला ते सोपं गेलं असतं. ती पानावर बसली. सगळ्यांच्या आधी.