हातातला क्लच

मी बोलतेय, ड्रायव्हिंग स्कूलची जुनी पांढरी गाडी. हसू नका! अकरा वर्षांत मी नऊशे माणसं तयार केली. कुणी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला, कुणी गिअर टाकताना डोळे मिटले. एका काकूंनी तर वळण आल्यावर स्टिअरिंग सोडून कानच धरले. तरी मी कुणाच्या नखालाही धक्का लागू दिला नाही. कारण माझ्यात डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, आणि त्यांवर आमच्या मालकीणबाईंचे पाय.

मग नवी गाडी आली आणि मी कुंपणाजवळ जाऊन बसले. चाकांतली हवा गेली, बॉनेटवर कबुतरांनी संसार मांडला. समोर बसथांबा होता. दिवसभर माणसं बघायची, दुसरं काय!

तिथेच मला फौजी दिसले. सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. सैन्यात सतरा वर्षं त्यांनी डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवरून अवजड ट्रक चालवले होते. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गेला. आता कृत्रिम पाय आणि कुबडी घेऊन ते पंपांच्या कारखान्यात तपासनिसाच्या कामाला जायचे. म्हणजे, बसच्या मनात असेल तर! बसची पायरी उंच आणि चालकाला घाई. त्या सकाळी फौजींनी दांडीला हात घातला न घातला तोच बस सुटली. पडता पडता वाचले.

बाई रस्ता ओलांडून धावल्या. "दादा, लागलं का हो?"

"लागलं नाही. पण हा तिसरा उशीर. साहेबांनी बजावलंय, चौथा झाला तर घरीच बसा."

बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या इंजिनात धस्स झालं!

"ती गाडी देते. चालवाल?"

"दयेची गाडी नको, ताई."

"दया कसली डोंबलाची! दर रविवारी इथे शिकवायला यायचं. पायाने अधू असलेली कितीतरी माणसं विचारायला येतात आणि मी त्यांना परत पाठवते. मला ते शिकवताच येत नाही."

फौजी रस्ता ओलांडून माझ्याजवळ आले आणि खिडकीतून आत डोकावले. मग हळूच म्हणाले, "क्लचचं काय करायचं? तो तर डाव्या पायाने दाबायचा."

हा प्रश्न उस्तादांकडे गेला. उस्ताद म्हणजे आमचे मेकॅनिक. ते माझ्या पोटाखाली सरपटले आणि आतूनच ओरडले, "अहो, बाईंच्या बाजूचा क्लच फुकटच पडलाय! त्याचीच तार ओढतो आणि गिअरच्या दांड्याला दाबायची मूठ बसवतो. पायाचं काम हात करील!"

दुरुस्तीला आणि आरटीओच्या मंजुरीला तीन आठवडे लागले. तोवर रोज सकाळी नवशिक्यांनीच नव्या गाडीतून फौजींना कारखान्यात पोहोचवलं. मागे बसून ते शांतपणे सांगायचे, "घाबरू नका, रस्ता कुठे पळून जात नाही." बाई म्हणाल्या, पोरं आठ दिवसांत सुधारली!

मग परवान्याच्या परीक्षेचा दिवस. मैदानाच्या कडेला फौजींची बायको आणि बाई एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या. शेजारी बसलेले अधिकारी म्हणाले, "चढावर थांबवा. आता पुढे घ्या."

फौजींच्या तळहाताला घाम होता. मूठ एकदम सुटली आणि मी आचका देऊन बंद पडले. जीव मुठीत धरणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं!

"आणखी एकच संधी," अधिकारी म्हणाले.

फौजींनी हात पँटला पुसला आणि पुटपुटले, "चल गं, बहाद्दर." मूठ हळूहळू सैल झाली. मी थरथरले, पण सूतभरही मागे सरले नाही. उजवा पाय ब्रेकवरून उठला, ॲक्सिलरेटरवर गेला आणि मी थेट चढाच्या माथ्यावर! "अहो, जमलं!" बायकोची आरोळी इंजिनापेक्षा मोठी होती.

आता आठच्या पाळीला आम्ही पावणेआठलाच कारखान्याच्या फाटकात असतो.

आणि आज रविवार! माझ्या स्टिअरिंगसमोर शिवणकाम करणारी एक ताई बसलीय. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू. फौजी शेजारी, त्यांचा चांगला पाय डावीकडच्या ब्रेकवर.

"बोला, कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"जिथे बस जात नाही तिथे!"

तिने किल्ली फिरवली बघा. बोलणं पुरे आता, जरा बाजूला व्हा. आम्हाला वाट द्या!