दोन भीमाबाई, एक जून

मित्रांनो, सोलापूरच्या एका सरकारी कचेरीच्या कपाटात उभं राहून राहून पाठ वाकलेलं मी एक जुनं सेवापुस्तक आहे. माणूस नोकरीला लागला, की त्याची जन्मतारीख, रजा, बढती, ठपका, सगळं आमच्या पोटात लिहितात. माझ्या पोटात आहे भीमाबाई सिद्राम शिवशरण. काम झाडलोट आणि पाणी भरणं. रजा कमी, बोलणं जास्त.

माझा जन्म १९५२ चा. त्या दिवशी कारकून वीरभद्रप्पांनी बाईला जन्मतारीख विचारली.

"मला काय ठावं? आईला ठावं हुतं, ती गेली."

वीरभद्रप्पांनी तिला एकदा न्याहाळलं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, १ जून १९२५. ज्याला तारीख ठाऊक नाही, त्याला ते १ जूनलाच जन्माला घालत. त्यांच्या कृपेनं निम्मी कचेरी एकाच दिवशी जन्मली होती! त्याच दुपारी मोहोळच्या शाखेसाठी दुसरी बाई आली. नाव तेच, भीमाबाई सिद्राम शिवशरण. तिलाही तीच तारीख मिळाली.

बावीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग आमच्या नोंदी पुण्याला गेल्या. तिथं म्हणे कार्डांना भोकं पाडून यंत्राला भरवतात आणि यंत्र कर्मचाऱ्यांची यादी छापतं. नाव एक, तारीख एक, म्हणजे माणूसही एकच, असं धरून यंत्रानं मोहोळची भीमाबाई ठेवली आणि आमची गाळली.

नवे साहेब म्हणाले, "यादीत नाव नाही, म्हणजे नोकरीत नाही."

भीमाबाईनं पदर खोचला. "यादीला मी दिसंना, सायब, पर तुमाला तर दिसती की! सकाळी पाणी प्यालासा, ते काय यंत्रानं भरलं?"

वीरभद्रप्पांनी मला आणि मोहोळहून मागवलेल्या माझ्या बहिणीला, म्हणजे दुसऱ्या भीमाबाईच्या सेवापुस्तकाला, टेबलावर शेजारीशेजारी उघडलं. अंगठे निराळे. ओळखीची खूण इथं डाव्या भुवईवर व्रण, तिथं हनुवटीवर तीळ. साहेबांनी भुवई निरखली. "बायका दोन, मान्य. पण जन्मतारीख एकच कशी?"

वीरभद्रप्पांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आपल्याला एकही ठपका नाही, हे ते रोज चहाबरोबर सगळ्यांना पाजत. त्यांनी माझ्या पानावरच्या त्या तारखेवर बोट ठेवलं.

"तारखा मी मनानंच लिहिल्या, साहेब. चूक यंत्राची नाही." आणि तसं लिहून त्यांनी सही केली.

भीमाबाईची नोकरी राहिली. वीरभद्रप्पांना ठपका मिळाला. तो त्यांनीच स्वतःच्या सेवापुस्तकात चढवला, कारण ते काम त्यांचंच!

"अण्णा, माझ्यापायी तुमास्नी डाग लागला की."

"डाग माझाच होता, भीमाबाई. बावीस वर्षं तुझ्या पानावर ठेवला होता. आता खरं सांग, जन्म कधीचा?"

"आई म्हनायची, जवारीची काडणी चालली हुती."

शाईची तारीख सहजासहजी बदलत नाही. म्हणून त्यांनी माझ्या समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं, 'ज्वारीच्या काढणीत'.

मित्रांनो, आणखी यंत्रं येतील, याहून हुशार येतील. येऊ द्या. पण त्यांना काही भरवण्याआधी, ज्याचं नाव लिहिताय त्याला समोर बसवून एकदा नीट विचारा. आणि कधी मी तुमच्या हाती आलोच, तर तेवढ्या ओळीला खोडरबर लावू नका.