आजचा शब्द

"आमच्या पोरीला चारचौघांत उभं करायचं, आन् मेथीची जुडी मातर आमच्याच पाटीतली लागती," धोंडाबाई पुटपुटली. पाटी उतरवताना म्हातारं माणूस कण्हतं तसं ती बोलली, पण दाराच्या पडद्याआड पिशवी घेऊन उभ्या असलेल्या शुभांगीला अक्षरन् अक्षर ऐकू आलं. ती क्षणभर तशीच थांबली आणि मग, आत्ताच आल्यासारखी, चपला वाजवत बाहेर आली.

"ताजी आहे ना मावशी?"

"आता तुम्हाला काय सांगायचं. तुम्ही शिकलेल्या."

शुभांगीने मान खाली घालून जुडी उचलली.

सातपूरच्या कामगार वसाहतीत तिचा इंग्रजीचा वर्ग पंच्याण्णव सालापासून, म्हणजे आठ वर्षं चालू होता. दाराबाहेर खिळ्याला छोटा फळा. त्यावर रोज एक शब्द, अर्थ, दोन समानार्थी शब्द आणि एक वाक्य. पहिली पाळी सुटली की माणसं सायकल हळू करून तो वाचत. एकदा ती सिन्नरला माहेरी गेली नि फळा तीन दिवस कोरा राहिला, तर शेजारच्या झुंबरने तिच्या नवऱ्याला, भारतला, कंपनीत विचारलं होतं, "वहिनी आजारी आहेत का?"

शब्द यायचे एका जाडजूड शब्दकोशातून. रद्दीच्या दुकानातून आणलेला, पुठ्ठे गेलेला, तिच्या जन्माआधी छापलेला. तो तिने एकटीने पाठ केला होता. स्पेलिंग पक्कं, व्याकरण पक्कं. फक्त 'मला माहीत नाही' एवढं एक वाक्य तिला कुठल्याच भाषेत म्हणता येत नसे.

त्याला कारण होतं. लग्न ठरवताना मध्यस्थाने "मुलगी दहावीपर्यंत शिकलेली" असं सांगितलं होतं. त्या 'पर्यंत'मध्ये सगळं झाकलं गेलं. पुढे सासरी कळायचं ते कळलं, पण भारतने तो विषय कधी काढला नाही. दरवर्षी जूनमध्ये पेपरात निकालाचं पान आलं की तो ते पान मुकाट्याने घडी घालून कपाटाखाली अंथरायचा. बाहेर मात्र "आमच्या मिसेसचं इंग्लिश" असं कौतुक करायचा आणि शुभांगी उगाच पदर सारखा करायची.

काल मुलांनी गलका केला, "बाई, 'ड्यूड' लिहा ना! टीव्हीवर सगळे म्हणतात."

शब्दकोशात तो सापडला. शुभांगीने ठसठशीत अक्षरात लिहिलं: ड्यूड म्हणजे नटवा, छानछोकी करणारा. समानार्थी: छैला, छबेला. वाक्य: हा ड्यूड रोज अत्तर लावतो.

सृष्टीने हात वर केला. धोंडाबाईची नात, सहावीतली. आनंदवल्लीत भाजीचा मळा असलेल्या गोटीरामने मोठ्या हौसेने पोरीला इंग्रजी शाळेत घातलं होतं.

"बाई, पण आमच्या शाळेत सगळे एकमेकांना म्हणतात. म्हणजे यार, गड्या, भावा, असं. चिडले तरी म्हणतात, खूश झाले तरी म्हणतात. मुलींनासुद्धा."

मुलं हसली. कोणाला हसली देव जाणे, पण शुभांगीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"शब्दकोश मोठा की तू मोठी?"

"शब्दकोश, बाई."

"मग बाहेर फळ्याशेजारी उभी राहा. जो वाचेल त्याला अर्थ मोठ्याने सांग."

पाळी सुटायची वेळ होती. पोर अर्धा तास उभी होती. सायकली थांबत होत्या, आणि ती दर खेपेला म्हणत होती, "नटवा, छानछोकी करणारा." दर खेपेला आवाज थोडा खाली जात होता. झुंबर खदखदून हसला. "अगं, आमचं कार्टं तर मलाच ड्यूड म्हणतं! मी काय नटवा हाय का?"

"नाही काका," सृष्टी म्हणाली, "पण बाईंचा अर्थ हाच आहे."

तेव्हाच उठून तिला आत घ्यायला हवं होतं. शुभांगी वह्या तपासत बसली.

आणि आता समोर धोंडाबाई कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होती.

"सृष्टी येईल ना आज?" शुभांगीने विचारलं.

"नाय म्हनती." धोंडाबाईने पाटी डोक्यावर घेतली. "बाप म्हनला, बाईला जाऊन इचारतो. तर पोरगी रडायलाच लागली. म्हनं, बाईंना नका इचारू, त्यांना लाज वाटंल."

दुपारी भारत पाळीवरून आला, तर फळा पुसलेला आणि शुभांगी पायरीवर बसलेली. "आनंदवल्लीला सोडता का मला?" ती म्हणाली. भारतने स्कूटर परत वळवली.

मळ्यात सृष्टी आजीशेजारी बसून जुड्या बांधत होती. बाईंना पाहून ती उभी राहिली. गोटीरामने लगबगीने पोतं अंथरलं.

"तुम्ही कशाला आल्या बाई? पोरगीच आगाऊ हाय. तुम्ही शिकलेलं मानूस, तुमचं कसं चुकंल?"

"हो ना," भारतही घाईने म्हणाला, "आणि शब्दाचं काय, दोन्ही अर्थ असतील."

धोंडाबाई मात्र खाली बघून जुडीची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती.

"असतील दोन्ही," शुभांगी म्हणाली. "पण मला एकच माहीत होता. आणि हिला जास्त येतं हे मला बघवलं नाही, म्हणून हिला उभं केलं."

"राहू द्या बाई," सृष्टी घाबरून म्हणाली.

"राहू नाही द्यायचं. मी दहावी नापास आहे, सृष्टी. इंग्रजीतच."

गोटीरामने टोपी काढून हातात धरली. भारत घसा खाकरून पुढे झाला. "अहो, त्या वर्षी पेपरच अवघड निघाला होता. एकदा होतं असं कोणाचंही."

"एकदा नाही," शुभांगी त्याच्याकडे वळून म्हणाली. "ऑक्टोबरला परत बसले होते. तेव्हाही नापासच झाले. तुम्हालासुद्धा सांगितलं नव्हतं."