हसऱ्या मावशीची विनंती

चर्चच्या मंडळीत तिला सगळे हसरी मावशी म्हणत. नवऱ्याचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, तरी दर रविवारी उपासनेत पाळकांनी "प्रार्थनेची विनंती कोणाची?" असं विचारलं की पहिला हात तिचाच वर. "ह्यांच्यासाठी करा. माझं काय, देवाच्या कृपेनं सेवा आनंदानं चाललीय." लोक डोळे पुसत. ते बघून तिला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला!

नवरा नळदुरुस्तीवाला. पूर्वी नळ बसवायला त्याला घटकाभर लागे आणि गप्पांना अर्धा दिवस. आता तो खिडकीशी बसून असे. शेजारची शिक्षिका रोज येऊन त्याच्याकडून एकेक शब्द घोटून घेई.

गुरुवारी मावशी लॉन्ड्रीतून आली, ती लोकांच्या चादरींना इस्त्री करून हातांचे तुकडे पडलेल्या अवस्थेत. नवऱ्यानं धुतलेल्या चादरीवर सूप सांडलं. तिनं चादर बदलली. त्यानं पुन्हा सांडलं. तिच्या डोक्यात तिडीक गेली आणि तिनं त्याच्या चांगल्या हातावर फाडकन मारलं.

"मरत का नाही एकदाचे? मी तरी सुटेन!"

त्यानं हात पांघरुणाखाली ओढून घेतला. तेवढंच.

दुसऱ्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटू लागला. ती आली की गप्प. शिक्षिका म्हणाली, "रविवारी सगळ्यांसमोर बोलायचंय म्हणे त्यांना." मार त्यानं खाल्ला होता आणि काळजी मावशीला स्वतःच्या अब्रूची, हे तिला कळत होतं. लाज वाटत होती, पण भीती लाजेला वरचढ होती. रविवारी सकाळी तिनं तापाचं सोंग घेतलं. तर पाळक स्वतःच गाडी घेऊन दारात हजर.

विनंत्यांची वेळ आली. तिच्याआधी त्याचा हात वर गेला. तोच हात. मावशीनं मान खाली घातली.

"माझ्यासाठी... पुरे," एकेक शब्द ओढून काढत तो म्हणाला. "हिच्यासाठी... करा. ही... फार... दमलीय."

सगळ्या माना कौतुकानं तिच्याकडे वळल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं चुगली केली असती तर परवडलं असतं. निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. आता नुसतं हसून डोळ्यांना पदर लावला की निभावणार होतं. पण हसू काही येईना.

"आणखी कोणाची विनंती?" पाळकांनी विचारलं.

तिनं हात वर केला.

"माझीच. गुरुवारी मी ह्यांना मारलं. मरा म्हणाले. आनंदानंबिनंदानं काही चाललेलं नाही."

या वेळी कोणी डोळे पुसले नाहीत. शेवटी नवऱ्यानंच डोळे मिटले आणि अडखळत सुरुवात केली, "प्रभू... हिला..."

पुढचा शब्द त्यानं घोटला नव्हता. सगळी मंडळी थांबून राहिली.