लॉर्नाच्या ट्रकचे हडकुळे टायर

“डेल्मर, तुमच्या बायकोच्या ट्रकला सायकलचे टायर का लावलेत?”

हा प्रश्न माझा नाही, हे आधीच सांगून टाकते. तो माझ्या वर्गातल्या जोरी आणि कॅसिडीचा. टायरच्या दुकानात शिरायच्या आधी दोघींनी मला दारात अडवलं आणि ‘हिंमत असेल तर विचारून दाखव’ म्हणून डिवचलं. हिंमत ही माझ्याकडे याच वर्षी आलेली वस्तू आहे, त्यामुळे ती मी जरा जास्तच वापरते. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा इतक्या हळू आवाजात द्यायचे की सरांनी मला दोनदा गैरहजर लावलं होतं.

कोपऱ्यात तीन रँचवाले, म्हणजे गाईगुरं पाळणारे शेतकरी, कॉफी पीत बसले होते. तिघांचेही कप तोंडाशी थांबले. प्रश्न सगळ्या गावाच्या मनातला होता, पण डेल्मर फिस्कला तो विचारणार कोण? त्यांच्या दुकानाच्या काचेमागे माझ्या कमरेइतके उंच, चिखलासाठीचे अगडबंब मड टायर मांडलेले असतात. आणि त्यांची बायको लॉर्ना, जी रोज शंभर मैल फिरून रँचोरँची टपाल टाकते, तिच्या ट्रकला मात्र हडकुळे टायर. शाळेची पोरं त्या ट्रकला ‘लॉर्नाची सायकल’ म्हणतात.

डेल्मरनी हात पुसले. “लावले मी. निवडले तिनं. बत्तीस वर्षं मी म्हणतोय रुंद घे, आणि बत्तीस वर्षं ती म्हणते, डेल्मर, दुकान तुझं, रस्ता माझा.”

कोपऱ्यातला एक जण कॉफीत फिसकन हसला.

“पण तुला कशाला पंचाईत, ब्रिटा?”

मग मी खरं ते सांगितलं. आजोबांचा जुना पिकअप आता माझा आहे आणि त्याला टायर घ्यायचेत. साधी खरेदी नव्हती ही. आमचं रँच गावापासून सव्वीस मैलांवर. हायस्कूलच्या पोरांना हिवाळ्यात गावात कुणाकडे तरी ठेवायचं, ही आमच्या घरची रीत. माझा भाऊ अँडर्स चार हिवाळे गावातल्या गुड्रुनमावशीकडे राहिला, शिलाई मशीनच्या खोलीत. चौथ्या वर्षी तो शनिवारी घरी आला आणि आईला विचारू लागला, “कप कुठे ठेवता तुम्ही?” आईचा तेव्हाचा चेहरा मी पाहिला होता. मला घरात पाहुणी व्हायचं नव्हतं. फेब्रुवारीत गाई वितात, तेव्हा मला गोठ्यात असायचं होतं, शिलाई मशीनशेजारी नव्हे.

शेवटी आईनं अट घातली होती. “टायर तू निवड. कुठले, का आणि ते कुठे कमी पडतील, हे रविवारी रात्रीच्या जेवणाआधी मला सांग. पटलं तर रोज गाडीनं ये-जा कर. नाही पटलं तर गुड्रुनकडे.”

बाबांच्या मते विचार करण्यासारखं यात काही नव्हतंच. “गम्बो आहे आपल्याकडे,” ते म्हणाले होते. “मड टायर घे. माझ्यासारखे.” गम्बो म्हणजे आमची माती. कोरडी असेल तर दगड. ओली झाली की चाकाला अशी चिकटते की चाक फिरेनासं होतं आणि बूट पायातून निघून मागेच राहतो. शेवटचे दोन मैल आमचा रस्ता नुसत्या गम्बोचा आहे.

म्हणजे मी दुकानात आले होते ते बाबांचेच टायर मागायला. शिवाय ते दिसतातही काय झकास. शाळेच्या पार्किंगमध्ये त्या टायरांवर ऐटीत शिरायचं, एवढं चित्र माझ्या डोक्यात पक्कं होतं.

दोन वाजता लॉर्ना आली. डेल्मरनी तिला माझा प्रश्न सायकलसकट सांगितला. ती हसली नाही, रागावलीही नाही. “ये मागे,” म्हणाली.

दुकानामागच्या अंगणात टायर उघड्यावर पडले होते. तापमान शून्याखाली दहा होतं, नाकातले केस कडक झाले होते. तिनं एका मड टायरकडे बोट दाखवलं. “नख रोव.”

मी अंगठ्याचं नख रोवलं. जणू टेबलाच्या कडेवर रोवलं, खूणही उमटली नाही. मग तिनं मला तिच्या ट्रकच्या टायरवर नख रोवायला लावलं. तिथे चंद्रकोरीसारखी खूण उठली आणि सावकाश नाहीशी झाली.

“हे रबर थंडीतही मऊ राहतं,” ती म्हणाली. “वर बारीक चिरा बघ, त्या बर्फाच्या कडा पकडतात. आणि बाजूला डोंगर कोरलाय, आत हिमकण. म्हणजे याची बर्फावर परीक्षा झालेली आहे. तुझ्या बाबाच्या टायरवर चिखल आणि बर्फ अशी नुसती अक्षरं आहेत. अक्षरं छापायला परीक्षा लागत नाही.”

“पण इतके अरुंद का?”

“रुंद टायर बर्फावर तरंगतो. अरुंद खाली रुततो आणि जमीन शोधतो. मला तरंगायचं नसतं, मला पत्रपेटीशी थांबायचं असतं.”

आमच्या मागोमाग आलेली जोरी माझ्या कानाशी पुटपुटली, “नुसतं बोलणं झालं हे.” लॉर्नाचे कान तिखट आहेत. तिनं आम्हाला गाड्या घेऊन धान्याच्या कोठारामागे यायला सांगितलं. तिथलं मोकळं मैदान आरशासारखं गोठलेलं होतं. मी बाबांचा ट्रक आणला होता, त्यांचे मड टायर लावलेला. लॉर्नानं बर्फावर कॉफीचा रिकामा डबा ठेवला. “ताशी वीस मैलांनी ये. डब्याशी ब्रेक.”

मी आले. ब्रेक दाबला. ट्रकनं माझं काही एक ऐकलं नाही. डबा शांतपणे बाजूनं मागे गेला, आणि पलीकडच्या बर्फाच्या ढिगात आम्ही नाक खुपसून थांबलो. कॅसिडी पोट धरून हसत होती. मग लॉर्नाचा ट्रक. तोच वेग, तोच डबा, ब्रेकवर तोच माझा पाय. दोन गाड्यांच्या लांबीत ती सायकल उभी राहिली.

गेल्या वर्षीची मी इथे धन्यवाद म्हणून घरी गेले असते. पण माझी नजर मागे गेली. “हे बरोबर नाही. तुमच्या ट्रकमध्ये मागे वाळूची पोती आहेत. बाबांचा मागून रिकामा आहे.”

लॉर्नानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “मग उचल.”

सहा पोती, प्रत्येक साठ पौंडांचं. जोरी आणि कॅसिडीला त्यांच्या प्रश्नाची शिक्षा म्हणून दोन-दोन उचलायला लावली. आता बाबांचा ट्रक आधीपेक्षा लवकर थांबला. तरी डब्यापासून सहा गाड्यांच्या लांबीइतका पुढे. पोत्यांचा उपयोग होता, पण टायर तो टायरच.

“आता माझा खरा प्रश्न,” मी म्हणाले. “गम्बोत हे काय करतात?”

“काही नाही. रुततात.”

“आणि मड टायर?”

“तेही रुततात. जरा पुढे जाऊन, म्हणजे ओढून काढायला जास्त लांब.” ती हातमोजे चढवू लागली. “मार्चमध्ये तुमच्याकडे टपाल किती वाजता येतं?”

ते मला पाठ होतं, कारण बाबा त्यावरून दर वर्षी कुरकुरतात. एरवी दुपारी एकला येणारी लॉर्ना बर्फ वितळायला लागला की सकाळी आठला येते. बाबा म्हणतात, बाईला लहर आली.

“वितळायच्या दिवसांत मी फेरी उलटी करते,” लॉर्ना म्हणाली. “रात्रभर गम्बो गोठलेला असतो. तो आधी पार करायचा, खडीचे रस्ते दुपारी. बर्फासाठी टायर असतो, पोरी. गम्बोसाठी घड्याळ.”

घरी येताना मी सव्वीस मैल बडबडत आले, ट्रकमध्ये एकटी असूनही. सकाळचं ठीक होतं, सातला गम्बो गोठलेलाच असतो. पण शाळा सुटते साडेतीनला, आणि मार्चच्या साडेतीनला आमच्या रस्त्याचा चिखल झालेला असतो. इथे लॉर्नाचं घड्याळ माझ्या उपयोगाचं नव्हतं. खडीचा रस्ता संपतो तिथे आमच्या पत्रपेटीशी मी थांबले आणि खाली उतरून पाहिलं. पेटीपासून घरापर्यंत कुंपणाच्या कडेनं गवताचा पट्टा आहे. गवताच्या मुळांनी तिथली माती धरून ठेवलेली असते, गाई ओल्या दिवसांतही तिथूनच चालतात. मी बर्फ तुडवत तो चालून पाहिला, घड्याळ लावून. बेचाळीस मिनिटं. मग ट्रक आणायला परत बेचाळीस, कारण हे मला आधी सुचलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी आई ओव्हनमधून हॉटडिशचं, म्हणजे बटाटे-खिम्याच्या भाजलेल्या जेवणाचं, भांडं काढत होती. बाबा ताटं मांडत होते. अँडर्स कॉलेजातून आलेला होता आणि कप शोधत होता.

“डावीकडचं कपाट,” मी त्याला सांगितलं आणि उभीच राहिले. बसून मला सांगता आलं नसतं.

“काय ठरलं मग?” बाबा म्हणाले. “मड टायरच ना?”

“नाही, बाबा. तुझे टायर बर्फावर थांबत नाहीत. मी डबा ठेवून पाहिलं, वाळू भरून आणि वाळूशिवाय. तुझ्या ट्रकच्या नाकावर थोडा ओरखडा आहे, तो त्याचाच.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आई हॉटडिशचं भांडं हातात धरून तशीच उभी होती. “आणि तुझे कुठे कमी पडतील?” तिनं विचारलं.

“गम्बोत. तिथे सगळेच कमी पडतात. त्याचंही ठरवलंय.” माझा आवाज हजेरी देतानासारखा बारीक होईल असं वाटलं होतं. नाही झाला. “मी अरुंद ऑल-टेरेन घेणार, सगळ्या रस्त्यांवर चालणारे, डोंगर आणि हिमकण असलेले, खडीनं फाटू नयेत म्हणून दहा थरांचे. शाळेत त्यांना सायकल म्हणतील, म्हणू देत. मागे वाळूची सहा पोती कायम. आणि ज्या दिवशी रस्ता वितळेल, त्या दिवशी मी ट्रक पत्रपेटीशी सोडणार आणि कुंपणाच्या गवतावरून बेचाळीस मिनिटं चालत घरी येणार. पण येणार घरीच. गुड्रुनमावशीला सांग, शिलाई मशीन तिथेच राहू दे.”