व्यत्यास

प्रतीक्षाने वरणभाताचा चमचा माणिकबाईंच्या ओठांना टेकवला. ओठ मिटले. तिने घास फुंकून आणखी निववला आणि चमचा पुन्हा पुढे केला. माणिकबाईंनी मान फिरवली नाही, की कपाळाला आठी घातली नाही. लेकीच्या तोंडाकडे त्या टक लावून पाहत राहिल्या. ओठ मात्र घट्टच होते.

“राहू दे आता,” खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला देवानंद म्हणाला.

तो अमरावतीला वकिली करी. बहिणीचा फोन आल्यावर सकाळीच अकोल्याला पोहोचला होता. आठवड्यापूर्वी ताप येऊन गेला, तेव्हापासून आई पाण्यापलीकडे फारसे काही घेत नव्हती. डॉक्टरांनी गळा, दात, पोट सारे तपासले. कुठेच दोष नव्हता. विस्मृतीच्या या आजारात भूकही विझते, ते म्हणाले होते. नाकातून नळी घालायची किंवा नाही, ते संध्याकाळपर्यंत कळवा.

माणिकबाईंनी मात्र आपल्यापुरता निर्णय आधीच देऊन ठेवला होता. आजाराचे नाव कळले त्या वर्षी, हिवरखेडच्या घरी मेथी निवडता निवडता, त्यांनी दोन्ही लेकरांना समोर बसवून सांगितले होते: “मले खावाचं मन नसन, तं मी तोंड मिटीन. मंग नळ्या-बिळ्या घालू नका. जाऊ द्या मले.”

“आईचा शब्द आहे,” देवानंद म्हणाला. “तिनं तोंड मिटलं. आता आपून पाळाचा का नाही?”

“शब्द काय होता, तो नीट म्हण, दादा.”

“मन नसन, तं तोंड मिटीन.”

“बरोबर. तोंड मिटलं तं मन नाही, असं म्हणली होती का ते?”

“एकच झालं ना!”

“एक नाही होत. हा व्यत्यास झाला.” प्रतीक्षा शाळेत भूमिती शिकवत असे. “चौरसाचे कर्ण सारखे असतात. पण कर्ण सारखे दिसले म्हणून चौकोन चौरसच निघते का? आयतही निघू शकते. उलटं विधान वेगळं सिद्ध करा लागते. तोंड दुसऱ्या कारणानंही मिटत असन.”

“मंग दाखव ना दुसरं कारण! नाही दाखवता येत, तं मायचा जीव टांगणीले लावून तू इथं प्रमेय काहून मांडून राहिली?”

नळी प्रतीक्षालाही नको होती. परंतु केवळ दुसरे कारण सुचत नाही म्हणून आईला जाऊ द्यायचे, हे तिला पटत नव्हते. तिने वाटी खाली ठेवली. देवानंदचे लक्ष तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे गेले.

“तू कधी जेवली?”

“आईचं उरकलं का जेवतो मी.”

“आन् आईचं तं उरकतच नाही.” तो स्वयंपाकघरात गेला आणि भाकरी-वांग्याचे ताट घेऊन आला. “घे. उपाशी माणसासंगं भांडाची मले सवय नाही. जिंकलो तरी लोक नावं ठेवतात.”

नको म्हणता म्हणता तिने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि उभ्याउभ्याच तोंडात घातला. माणिकबाईंची नजर ताटावरून लेकीच्या हातावर, हातावरून तिच्या जबड्यावर आली. प्रतीक्षाने घास गिळला.

माणिकबाईंचे ओठ उघडले.

“चमचा,” देवानंद पुटपुटला. “प्रतीक्षा, चमचा!”

घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला माणिकबाईंनीच मान पुढे केली.

बहीण-भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. वावरात सगळ्यांना भाकरी वाढून झाल्यावर, शेवटच्या माणसाचे तोंड हलू लागेपर्यंत आई स्वतःच्या भाकरीचे फडके सोडत नसे, हे दोघांनीही लहानपणभर पाहिले होते. मागच्या आठवड्यातल्या तापापर्यंत ती प्रतीक्षाच्या घरच्यांसोबतच ताटावर बसे. ताप आल्यावर प्रतीक्षाने तिला खाटेवर भरवायला सुरुवात केली. काळजीपोटी, सर्वांच्या आधी.

“ते आपली वाट पाहून राहिली होती,” देवानंद म्हणाला.

प्रतीक्षाचे डोळे भरून आले होते, तरी तिने चमचा त्याच्या हातात दिला.

“एका उदाहरणानं सिद्ध होत नाही. आता तू भरव.”

तो खाटेवर बसला. चमचा पुढे होताच ओठ मिटले.

“मी अमरावतीहून खाऊन निघालो, आई.”

माणिकबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. कित्येक वर्षे या घरी येऊन तो चहावर परतत आला होता. कोर्टाची तारीख नेहमी हाताशी असे. त्याने निमूटपणे बहिणीच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि मोठा घास घेतला. ओठ उघडले. आईला भरवता भरवता तो हसू लागला. भरल्या तोंडाने, एखादा खटला जिंकल्यासारखा हसू लागला.

“हरलो! पार हरलो मी, प्रतीक्षा! तोंड मिटलं म्हणजे—”

“आधी जेव,” माणिकबाई म्हणाल्या. “मंग बोल.”